फाउंड्रीतून मानसिक आरोग्याकडे: प्रशिक्षण रचनाकार पदाच्या एका अर्जाचे प्रकरण

या प्रकरणातील अर्जदार माझ्या जुन्या विद्यार्थिनी आहेत. कोल्हापुरातील एका अध्यापक महाविद्यालयात मी शिकवत असताना त्यांनी बी.एड. पूर्ण केले. पुढे शिक्षक भरतीची वाट पाहण्यात दोन वर्षे गेली आणि घरची गरज म्हणून त्यांनी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतकामाच्या कारखान्याच्या, प्रशिक्षण विभागात नोकरी धरली. तेथे त्या आठ वर्षे होत्या. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेची 'प्रशिक्षण रचनाकार' या पदाची जाहिरात त्यांच्या वाचनात आली, तेव्हा अर्जाचा मसुदा घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि तेथून निकाल लागेपर्यंतचे साधारण अडीच महिने मला हे सगळे जवळून पाहता आले. अर्जदार आणि त्यांचे थोरले भाऊ या दोघांनीही हे लिहिण्यास संमती दिली आहे. संस्थेचे नाव आणि ओळख पटवणारे तपशील वगळले आहेत.

शिक्षणशास्त्र शिकलेली, पण शाळेच्या वर्गापर्यंत न पोहोचलेली अनेक मुले-मुली आता अशा संस्थांकडे वळत आहेत. माझ्या नजरेखालून गेलेले त्यांचे बहुतेक अर्ज एकाच ठिकाणी घसरतात: त्यांत मानसिक आरोग्याविषयी भरभरून लिहिलेले असते आणि प्रशिक्षणाविषयी जवळजवळ काहीच नसते. या अर्जाचीही सुरुवात तशीच झाली होती.

जागा कशासाठी होती

संस्था करवीर आणि शिरोळ तालुक्यांतील पूरग्रस्त गावांत काम करते. आशा स्वयंसेविका (गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या), त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक आणि बचत गटांतील महिला यांच्यासाठी प्रशिक्षणाचा आराखडा, प्रशिक्षकांची मार्गदर्शिका आणि सरावाचे साहित्य मराठीत तयार करणे, असे पदाचे काम जाहिरातीत दिले होते. पात्रता म्हणून शिक्षणशास्त्र, समाजकार्य किंवा मानसशास्त्र यांपैकी कोणतीही पदवी आणि प्रशिक्षणाच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव मागितला होता.

अशा जागा का निर्माण होतात, हे अर्जदाराला नीट कळलेले असले पाहिजे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला, १९९६ पासून तो जिल्हा पातळीवर नेण्याचे प्रयत्न सुरू झाले. तरीही तालुक्याच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ क्वचितच असतो आणि रुग्णाला कोल्हापूर शहरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयापर्यंत यायचे तर एक दिवसाचा रोजगार बुडतो. म्हणून पहिला संवाद गावातल्याच माणसाने करायचा, आणि ज्यांना गरज आहे त्यांना पुढे जोडून द्यायचे, ही पद्धत जगभर रुजली. आपल्याकडे ते काम आशाताईंकडे येते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांच्या घरातून गेले त्यांच्यापैकी कित्येकांची झोप दरवर्षी पावसाळ्यात बंधाऱ्याची पातळी वाढू लागली की उडते, आणि त्यांच्या उंबऱ्यावर सर्वांत आधी उभी राहते ती आशाताईच.

येथे आणखी एक गोष्ट अर्जदाराच्या मनात स्पष्ट असावी लागते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. प्रशिक्षण रचनाकाराला ती लागत नाही, कारण तो उपचार करत नाही. मात्र म्हणूनच आशय बरोबर आहे की नाही, हे त्याने तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचे असते, आणि आपण तज्ज्ञ असल्याचा आव अर्जाच्या एकाही ओळीत आणायचा नसतो.

पहिला मसुदा

पत्र दोन पानांचे होते. पहिले वाक्य असे होते: 'महाराष्ट्रातील १०.६ टक्के प्रौढ व्यक्ती मानसिक आजाराने ग्रस्त आहेत.' हा आकडा बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातला आहे, आणि ते सर्वेक्षण ज्या १२ राज्यांत झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता. मानसिक आरोग्याच्या संस्थेत हे पत्र वाचणाऱ्या माणसाला ही चूक पहिल्या ओळीतच दिसली असती. समजा आकडा योग्य जागी वापरला असता, तरी त्याने पत्रात कोणते काम केले असते? जी संस्था रोज हेच काम करते तिला प्रश्न किती मोठा आहे, हे अर्जदाराने सांगण्याची गरज नसते.

त्यानंतर सहानुभूतीविषयी एक परिच्छेद, ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सहा प्रमाणपत्रांची यादी आणि भावाच्या आजाराविषयी अर्धे पान होते. फाउंड्रीतील आठ वर्षांना मिळालेली ओळ एवढीच: 'औद्योगिक क्षेत्रात प्रशिक्षणाचा आठ वर्षांचा अनुभव.'

मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "सर, ते लोखंडाचं काम. त्याचा इथं काय संबंध?"

मग मी त्यांना त्या आठ वर्षांतले एक काम सविस्तर सांगायला लावले. त्यांनी जे सांगितले ते असे. फाउंड्रीत थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद ठेवायची पद्धत होती, पण नोंदवहीत महिनोन्‌महिने काही लिहिले जात नसे. ओतकामाच्या लेडलमध्ये, म्हणजे वितळलेला धातू ओतायच्या भांड्यात, ओल राहिली तर वितळलेला धातू त्यात पडताच पाण्याची वाफ होऊन धातू उसळतो आणि माणसे भाजतात. म्हणून ओली लेडल वेळीच दिसली, तर ती बाजूला ठेवणे जितके आवश्यक तितकेच ते नोंदवणेही आवश्यक असते. कामगारांना हे माहीत होते. चित्रांचे तक्ते आणि पत्रके लावून झाली होती, परीक्षाही झाल्या होत्या. अर्जदार दोन आठवडे शिफ्टच्या सुरुवातीला भट्टीजवळ उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की कामगाराने काही सांगितले की पर्यवेक्षकाच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते 'तुझं लक्ष कुठं होतं?' असे. म्हणजे प्रशिक्षणाची गरज कामगारांना नव्हती, पर्यवेक्षकांना होती, आणि तीही माहितीची नव्हती. त्यांनी पर्यवेक्षकांसाठी वाईट बातमी ऐकल्यानंतरचे पहिले वाक्य कोणते असावे, एवढ्याच विषयाचा सराव तयार केला: दोघे समोरासमोर, एक सांगणार, एक ऐकणार, तिसरा फक्त कान देऊन ऐकणाऱ्याचे शब्द टिपणार. तीन महिन्यांत वहीत नोंदी येऊ लागल्या.

हे ऐकल्यावर मला जे वाटले ते मी त्यांना लगेच सांगितले: मानसिक आरोग्याच्या संस्थेला जे हवे आहे ते नेमके हेच आहे, आणि तू ते एका ओळीत गाडून टाकले आहेस. दुःख किंवा भीती सांगणाऱ्या माणसासमोर दुसऱ्या माणसाने काय बोलावे, याची सवय बदलणे हे त्या संस्थेचे सगळ्यांत अवघड काम असते. ते ज्याने एकदा लोखंडाच्या धगीत करून दाखवले आहे, त्याला सहानुभूतीवर परिच्छेद लिहावा लागत नाही.

नव्या पत्राची सुरुवात त्यांनी अशी केली: 'आमच्या फाउंड्रीत टळलेले अपघात कोणी नोंदवत नव्हते. कामगारांना नियम माहीत होते. सांगितल्यावर ओरडा बसेल, हेही माहीत होते. मी पर्यवेक्षकांना ऐकायचा सराव दिला. तो कसा आखला, त्यात काय फसले आणि नोंदी कशा वाढल्या, हे सोबतच्या नमुन्यात दिले आहे.' त्यात फसलेल्या भागाचाही उल्लेख आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. पहिल्या फेरीत पर्यवेक्षकांना एकमेकांसमोर बसवले होते आणि त्यांनी सारे थट्टेवारी नेले. दुसऱ्या फेरीत दोन विभागांच्या पर्यवेक्षकांची अदलाबदल केली. निवड समितीला नमुन्यातून अर्जदाराचा निर्णय दिसावा लागतो, आणि एकदा घेतलेला निर्णय बदलावा लागला हे सांगितल्याशिवाय तो दिसत नाही.

भावाचा परिच्छेद

अर्जदाराच्या थोरल्या भावाला विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. सुरुवातीची दोन वर्षे घरच्यांनी 'बाहेरचं आहे' म्हणून देवर्षी पाहण्यात घालवली, त्यानंतर आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेले. गेली अनेक वर्षे ते नियमित औषधे घेतात आणि गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध संकलनाचे काम करतात. मसुद्यातील अर्ध्या पानात हे सगळे होतेच, शिवाय ते एका रात्री घरातून निघून गेले होते ती घटना आणि मोडलेले लग्नही होते.

मी तो परिच्छेद पूर्ण काढून टाकायला सांगितले. माझी पहिली हरकत संमतीविषयी होती. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाला आपल्या आजाराविषयीच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क आहे. ते कलम उपचार करणाऱ्यांना बांधते, बहिणीला बांधत नाही, हे खरे. परंतु जी संस्था हाच हक्क आशाताईंना शिकवणार आहे, तिला पाठवलेल्या अर्जात एका रुग्णाची पूर्ण हकीकत त्याच्या नकळत जाणे योग्य नव्हते. तीन-चार अनोळखी माणसे ती वाचणार होती आणि नंतर ती कोणाच्या संगणकात राहणार होती, हेही सांगता येत नव्हते. दुसरी हरकत अर्जदाराच्या हिताची होती. असा परिच्छेद वाचल्यावर समितीच्या मनात उमेदवार मागे राहतो आणि रुग्णाची बहीण पुढे येते. मुलाखतीत प्रश्नही त्याच दिशेने वळतात, आणि एकदा सांगितलेले परत घेता येत नाही.

त्यांना हे पटले नाही. "मग मी हे काम का मागते आहे, ते खोटं लिहू का?" असे त्यांनी विचारले, आणि त्या प्रश्नाचे माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. या क्षेत्रातील अनेक संस्था आजाराचा स्वतःचा किंवा घरातला अनुभव ही एक पात्रता मानतात, आणि ते बरोबरच आहे. डॉक्टरकडे नेईपर्यंतची दोन वर्षे घरात काय चालते, शेजारणीच्या कोणत्या वाक्याने आई आठवडाभर घराबाहेर पडत नाही, गोळ्या कोणत्या कारणाने बंद केल्या जातात, हे पुस्तकात वाचून कळत नाही. माझा 'पूर्ण काढा' हा सल्ला घाईचा होता, असे आता मला वाटते.

शेवटी आम्ही दोन वाक्यांवर आलो, आणि ती भावाला दाखवल्याशिवाय पाठवायची नाहीत असे ठरले. वाक्ये अशी होती: 'माझ्या कुटुंबातील एका व्यक्तीला दीर्घकालीन मानसिक आजार आहे. त्यांचा सांभाळ करताना उपचारांपर्यंत पोहोचण्यात कुटुंबाचा वेळ कुठे जातो, हे मी जवळून पाहिले आहे.' भावाने कागद दोनदा वाचला, 'सांभाळ करताना' हे शब्द पेनाने खोडले आणि वर लिहिले, 'सोबत राहताना'. पत्र तसेच गेले.

नव्वद मिनिटांचे सत्र

पंधरा दिवसांनी संस्थेकडून काम आले: पंचवीस आशाताईंसाठी 'उदासीनता (नैराश्य) असलेल्या व्यक्तीशी पहिला संवाद' या विषयावर नव्वद मिनिटांच्या सत्राचा आराखडा, चार दिवसांत.

पहिल्या दिवशी रात्री त्यांनी मला ४२ स्लाइड पाठवल्या. व्याख्या, प्रकार, कारणे, मेंदूतील रसायने, लक्षणे, गैरसमज आणि तथ्ये. चुकीचे त्यात काही नव्हते. मी त्यांना एवढेच म्हटले की भट्टीजवळ दोन आठवडे उभी राहिली होतीस, तशी इथे निदान एक दुपार कोणाजवळ तरी बस.

दुसऱ्या दिवशी त्या आपल्या गावातल्या एका आशाताईंकडे गेल्या. तेथे जे कळले त्यावर पुढचा आराखडा उभा राहिला. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, ज्याला त्या 'सीबॅक' म्हणतात, त्यात मनःस्थितीविषयीचे दोन प्रश्न आधीपासूनच आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला का, आणि खिन्न किंवा निराश वाटले का. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात आणि बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर व्यक्तीला समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. म्हणजे प्रश्न होते, गुण होते, पुढची वाटही होती. अर्जदारांनी विचारले, 'मग तुम्ही हे कसं विचारता?' त्यावर आशाताई म्हणाल्या:

"इचारतो की. पण घरात सासू बसल्याली असती. ती म्हणती, हिला काय झालंय, खाऊन-पिऊन सुखी हाय. मग मी शून्याला टिक करती आनि फुडं जाती."

दुसरी अडचण त्यांनी निघताना, चपला घालता घालता सांगितली. एखादी बाई 'जीव नकोसा झालाय' असे म्हणाली तर पुढे काय करायचे, आणि ते लिहून ठेवले तर पोलिसांचे लफडे मागे लागेल का, याची त्यांना भीती वाटत होती.

या दोन गोष्टी कळल्यावर ४२ स्लाइडचे काम उरले नाही. बी.एड.ला आम्ही पाठ टाचणात 'उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे', म्हणजे पाठानंतर शिकणारा नेमके काय करू शकेल ते, लिहायला लावतो, आणि विद्यार्थी ती बहुधा उरकायची म्हणून लिहितात. अर्जदारांनी त्या दिवशी लिहिलेली स्पष्टीकरणे मी माझ्या आताच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवतो. 'आशा उदासीनतेची पाच लक्षणे सांगते' हे खोडून त्यांनी लिहिले: घरात इतर माणसे असताना बोलण्यासाठी वेगळी जागा मिळवते, दोन्ही प्रश्न समोरच्या व्यक्तीच्या बोलीत विचारते, उत्तर ऐकल्यावर लगेच सल्ला देत नाही, जीव देण्याचे विचार येतात का, हे गरज असेल तेव्हा थेट शब्दांत विचारते, पुढे कोणाला कळवायचे ते त्या व्यक्तीला सांगूनच कळवते. वेगळी जागा मिळवण्यासाठी त्यांनी सुचवलेली युक्तीही आशाताईंचीच होती: वजन किंवा रक्तदाब बघायचा म्हणून परड्यात किंवा सोप्यात बोलावून घ्यायचे.

भाषेचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. फॉर्ममधले मराठी छापील आहे. गावात कोणी 'मला खिन्न वाटते' असे म्हणत नाही. 'कशात मन लागंना', 'रातच्याला डोळा लागंना', 'डोस्कं जड हुतंय', 'अंगात तरान न्हाई', 'जिवाला घोर लागलाय' असे म्हणतात, आणि पुष्कळदा तक्रार अंगदुखीच्या रूपानेच येते. अर्जदारांनी अशी अठरा वाक्ये गोळा करून एकेक चिठ्ठीवर लिहिली. प्रत्येक चिठ्ठी कोणत्या प्रश्नाकडे नेते हे गटाने ठरवायचे, आणि काही चिठ्ठ्या कोणत्याच प्रश्नाकडे नेत नाहीत, कारण प्रत्येक दुःख म्हणजे आजार नव्हे, हेही त्यातूनच कळायचे.

सरावासाठी त्यांनी सूक्ष्म अध्यापन घेतले. १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिक्षकांसाठी तयार झालेले हे तंत्र आपल्याकडे एनसीईआरटीने भारतीय परिस्थितीला जुळवून घेतले, आणि त्याचे चक्र प्रत्येक बी.एड. झालेल्याला पाठ असते: अध्यापन ६ मिनिटे, प्रत्याभरण (कसे झाले ते सांगणे) ६, पुनर्नियोजन १२, पुनर्अध्यापन ६, पुनर्प्रत्याभरण ६, एकूण ३६ मिनिटे. एका वेळी एकच कौशल्य, थोडा वेळ, लगेच प्रत्याभरण आणि लगेच दुसरी संधी. फळ्यावर लिहिण्यासाठी आम्ही जे वापरत आलो ते ऐकून घेण्याच्या कौशल्याला इतके नेमके बसेल, असे माझ्या मनातही आले नव्हते.

पाचजणींचा एक गट धरला तर पंचवीसजणींचे पाच गट होतात. नव्वद मिनिटांत दोन चक्रे, म्हणजे ७२ मिनिटे; उरलेल्या १८ मिनिटांत सुरुवात आणि शेवट. एका चक्रात प्रत्येक गटातली एकच जण विचारणार, याचा अर्थ विचारणारीच्या जागी फक्त दहाजणी बसणार होत्या, आणि अर्जदारांनी हे लपवले नाही. उरलेल्या पंधराजणींसाठी पुढील तीन महिन्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रातील आशांच्या मासिक सभेत एकेक चक्र घ्यावे, असे त्यांनी आराखड्यात लिहिले. नव्वद मिनिटांत पंचवीसजणींना सक्षम करू, असे वचन देणाऱ्या आराखड्यापेक्षा हा आराखडा मला कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटला.

दोन ठिकाणी त्यांनी सावधगिरीची व्यवस्था केली. रुग्णाची भूमिका करणारीने स्वतःची कथा मांडायची नाही, कार्डावर दिलेलीच मांडायची; कोणालाही कारण न सांगता बाजूला बसता येईल, आणि सत्राच्या वेळी संस्थेची समुपदेशक खोलीत हजर असेल. पंचवीसजणींतल्या काहीजणी स्वतःच त्या अवस्थेतून जात असू शकतात, हे आराखडा करणाऱ्याने धरूनच चालावे लागते. दुसरी व्यवस्था आत्महत्येच्या विचारांविषयी होती. थेट विचारल्याने तो विचार मनात रुजतो हा समज खरा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, आणि आशाताईंची जीभ अडखळते ती याच समजामुळे. पुढची पायरी कार्डावर पाच ओळींत होती: एकटे सोडू नये, विश्वासाचे माणूस जवळ बोलावावे, घरातली शेतीची औषधे कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावीत, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे, १४४१६ हा टेली-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा क्रमांक द्यावा किंवा तिथेच लावून द्यावा. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून ती चोवीस तास आणि मराठीतही मिळते.

पोलिसांच्या भीतीवरही उत्तर होते. २०१७ च्या अधिनियमाचे कलम ११५ सांगते की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावे आणि तिच्यावर खटला चालवू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणाऱ्या, भारतीय दंड संहितेतल्या जुन्या कलम ३०९ सारखा गुन्हाच ठेवलेला नाही. लोकसेवकाला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा एखादी गोष्ट करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळ्या कलमात आहे. आणि इथे तर प्रयत्न झालेलाच नसतो, बाई फक्त मन मोकळे करत असते. हे समजले की आशाताईंच्या मनावरचा केवढा भार उतरतो, ते मी पुढे एका सत्रात प्रत्यक्ष पाहिले.

मूल्यमापनाचा भाग आटोपशीर होता. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पातळ्यांपैकी, म्हणजे प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम यांपैकी, बहुतेक प्रशिक्षणे पहिलीवर थांबतात. वर्तन बघण्यासाठी गटप्रवर्तकांनी गृहभेटीला सोबत जावे, असे अर्जदारांनी आधी लिहिले होते. पण तिसरे माणूस आले की बाई बोलायची थांबते, हे लक्षात आल्यावर त्यांनी ते काढले आणि तीन महिन्यांनी भूमिकाभिनयातूनच निरीक्षण करायचे ठरवले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 'इक्विप' या उपक्रमातही कौशल्य असेच पाहिले जाते. तेथे उपयुक्त वर्तनाबरोबर हानिकारक वर्तनाचीही वेगळी नोंद होते, आणि ती कल्पना त्यांनी घेतली. अंतिम आराखडा सात पानांचा झाला. स्लाइड तीन उरल्या.

मुलाखत आणि निकाल

मुलाखत पाऊण तास चालली. आशाताईंना या कामाचे वेगळे मानधन नाही, मग त्यांनी ते का करावे, असा प्रश्न आला. अर्जदारांनी सांगितले की फॉर्म त्या आजही भरतातच, त्यामुळे नवे काम न वाढवता आहे ते काम कमी अवघड करणे एवढेच आराखड्याचे ध्येय आहे, आणि मानधनाचा प्रश्न प्रशिक्षणाने सुटणार नाही, तो संस्थेने आणि शासनाने वेगळा सोडवायला हवा. औषधांच्या दुष्परिणामांविषयीच्या एका प्रश्नावर त्यांनी 'मला माहीत नाही, मी ते मानसोपचारतज्ज्ञांकडून लिहून घेईन' असे उत्तर दिले. पुरुषांच्या गटांसाठी, विशेषतः दारूचा प्रश्न असलेल्या घरांसाठी, हाच आराखडा कसा बदलाल, यावर मात्र त्यांच्याकडे काही नव्हते, आणि ती उणीव खरी होती.

शेवटी त्यांनी तीन प्रश्न विचारले. हे पद कोणत्या प्रकल्पाच्या निधीवर आहे आणि तो कधीपर्यंत आहे? आशयाची वैद्यकीय तपासणी कोण करते? दिवसभर दुःखाच्या कथा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी संस्थेत काही आधार आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना स्पष्ट उत्तरे मिळाली. तिसऱ्यावर, अजून अशी व्यवस्था नाही, असे समितीने मोकळेपणाने मान्य केले.

पदावर आरोग्य क्षेत्रातील अधिक अनुभव असलेल्या दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली. तीन आठवड्यांनी संस्थेने अर्जदारांना त्याच आराखड्यावरून प्रशिक्षकांची मार्गदर्शिका तयार करण्यासाठी सहा महिन्यांचा करार देऊ केला. फाउंड्रीतल्या पगारापेक्षा रक्कम सुमारे एक चतुर्थांशाने कमी होती. त्यांनी दोन गोष्टी करारात लिहून मागितल्या: प्रत्येक प्रकरण छापण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञाची सही, आणि महिन्यातून एकदा समुपदेशकाबरोबर स्वतःसाठी एक तास. पहिली मान्य झाली. दुसरी करारात आली नाही, तोंडी मान्य झाली. तो तास आतापर्यंत चार महिन्यांत तीनदा मिळाला आहे.

करवीर तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिले चक्र घेतले, तेव्हा सभा लांबली आणि ३६ ऐवजी २५ मिनिटेच हाती आली. पुनर्अध्यापन राहून गेले. अर्जदारांचे आता असे मत झाले आहे की चक्र दोन सभांत विभागावे, आधीच्या सभेत पहिली बारा मिनिटे आणि पुढच्या सभेत उरलेले, म्हणजे पुनर्नियोजन आशाताईंच्या रोजच्या गृहभेटींतूनच होईल. प्रत्याभरण आणि दुसरी संधी यांच्यात महिन्याचे अंतर पडले तर सूक्ष्म अध्यापनाचे तत्त्वच उरत नाही, असे माझे म्हणणे आहे. पुढच्या महिन्यात शिरोळ तालुक्यातील एका केंद्रात विभागलेले चक्र आणि करवीरमध्ये सलग चक्र घेऊन पाहायचे ठरले आहे.